मालकाचे नाव

रात्री दहानंतर तिला काही द्यायचं नाही
असं डॉक्टर इख्लासने बजावलं होतं,
म्हणून आम्हीही जेवलो नाही.
गुदैबियातली एक खोली, सहा पुरुष,
शेगडीवर कालवण झाकलेलं,
आणि मोडका पाय ओढत मांदेली
एकेकाच्या खाटेपाशी जाऊन
तोंडाकडे बघत होती.
दत्तारामने भिंतीकडे कूस केली.
यासीनने सुक्या बोंबलांची बरणी
तीन पिशव्यांत बांधून
जिन्यात नेऊन ठेवली.

पारव्याच्या मागे गेली नि पडली,
चौथ्या मजल्यावरून,
एसीच्या स्टँडवरून.
स्टँड मी ठोकलेला.

क्लिनिकात वजन केलं, तीन किलो आठशे.
भूल वजनावर ठरते, नर्स निलुका म्हणाली.
इथे वजनावर काय ठरत नाही!
दर दोन वर्षांनी तीस किलोत बसवतो आम्ही
दूध पावडर, ब्लँकेट,
मुलीचे अंदाजाने घेतलेले बूट.

मग फॉर्म आला.
अरबी उजवीकडून, इंग्रजी डावीकडून,
मधोमध एक रिकामी रेघ:
मालकाचे नाव.
पेन अडलं.
एकोणीस वर्षं झाली बहरीनला,
माझ्या प्रत्येक कागदावर
त्या रेघेवर दुसराच कुणीतरी असतो.
खाली बारीक अक्षरात,
भुलीत जनावर दगावू शकतं
हे मला समजलं आहे.
समजलं नव्हतं.
सही केली.

काचेतून सगळं दिसत होतं.
पुढचा पाय भादरला, सुई बसवली,
आणि सिरिंजमधून जे आत गेलं
ते दुधासारखं पांढरंशुभ्र.
रात्रभर जे मागत होती
ते असं मिळालं, शिरेतून.
अर्ध्या म्यावमध्ये मान पडली.

डोळे मात्र मिटले नाहीत.
मी काचेवर टकटक केली.
निलुका हसली,
मांजरांचे मिटत नाहीत म्हणाली,
आणि कोरडे पडू नयेत म्हणून
दोन्ही बुबुळांवर मलम ओढलं,
तान्ह्या पोराला काजळ घालावं तसं.

मी गॅसचाच माणूस.
सिलेंडर, नळी, झडप, काटा,
गळती साबणाच्या फेसाने शोधतो,
कंप्रेसरचं दुखणं कानाने ओळखतो.
पण हा गॅस गारवा करत नव्हता,
झोप करत होता,
आणि नळीच्या टोकाला
पेरूएवढी काळी पिशवी
फुगायची, बसायची.
बसली की
पुन्हा फुगेपर्यंत
माझाही श्वास तिथेच.

फोन थरथरला. रिफ्फाची तक्रार,
तिसरा मजला, कूलिंग नाही, बाई ओरडतेय.
बाहेर सेहेचाळीस अंश,
आणि आत तिच्या पोटाशी
गरम पाण्याच्या पिशव्या लावत होते,
भुलीत अंग गार पडतं म्हणून.
एवढी वर्षं लोकांना गार करत आलो,
ऊब राखायलाही दोन माणसं लागतात
हे आज पाहिलं.
रस्त्यात आहे, मी फोनवर म्हणालो.

पावणेदोन तासांनी नळी काढली.
शुद्धीवर आली आणि मला ओळखेना.
हात हुंगला, फिस्कारली,
तोल गेला, पडल्या पडल्या पुन्हा फिस्कारली.
अंमल आहे, उतरेल, डॉक्टर म्हणाली.
मला सवय आहे,
असं म्हणणार होतो.

घरी आणली ती स्प्लिट एसीच्या खोक्यातून,
बाजूला छापलेला बाण, ही बाजू वर.
ऐंशी दिनार झाले.
सहा जणांत तेरा तेरा,
वरचे दोन अन्वर सोलकरने दिले
आणि दिले म्हणून दोनदा सांगितले.
सही कुणाची, त्यानेच विचारलं.
माझी.
"म्हणजे आता तू हिचा कफील,
पासपोर्ट काढून घे हिचा."
दत्ताराम खोकला लागेस्तोवर हसला.
मांदेली भादरलेला पाय चाटत राहिली,
एक डोळा अजून मलमाने चिकट.

मध्यरात्री दोन चमचे पाणी प्यायली.
तेव्हा यासीन उठला
आणि जिन्यातून बरणी आत आणली.

शुक्रवारी स्टँडला जाळी मारली.
मापं तीनदा घेतली.
एवढी कुणाच्या घरी घेत नाही.