खिशात हात

माझ्या टपालफेरीतला शेवटचा पत्ता: तौनो सालमेला.
त्याच्या घरापुढे रस्ताच नाही. नुसते पाइन,
आणि पाइनच्या पलीकडे
समुद्र वाटावा असं ते सरोवर.

पत्रं अशी यायचीच नाहीत त्याला.
विजेचं बिल, बियाण्यांची जाहिरात,
युनियनच्या पेन्शनचा चेक.
तरी मी गाडी बंद करून उतरायचे,
कारण बर्फ वितळला की दर पंधरवड्याला
त्याच्या अंगणात एक माणूस वाढलेला असायचा.

सिमेंटचा.
पोटात कोंबड्यांची जाळी, पलंगाच्या स्प्रिंगा,
अंगावर बिअरच्या बाटल्यांच्या तपकिरी काचा
आणि निळ्या फुलांच्या फुटक्या बश्या.
बश्या लेम्पीच्या, लग्नातल्या.
तिनंच दिल्या एकेक करून.
काही तर, म्हणाली, मुद्दाम पाडल्या.

हे शिकलास कुठे, मी विचारलं.
"खाणीत. सत्तावीस वर्षं
डोंगरातून काढतच होतो.
आता घालतो."
एवढं बोलायला त्याला
अख्खा मार्च लागला असणार.

चेहरे सगळे एकाच साच्यातले,
डोळ्यांच्या जागी बाटल्यांची बुडं.
पण गाव ओळखायचं.
हा खांदा पडलेला ओलावी.
हा जेवणाचा डबा कुशीत धरणारा ट्रेगेअर,
ही खानावळवाली पिएरीना, उधारी कधी न विसरणारी.
आणि सहा नंबरच्या खाणीत पाणी शिरलं त्या दिवसाचे
अकराच्या अकरा,
सरोवराकडे पाठ करून.

सगळ्यांचे हात खिशात.

थंडी म्हणून? मी म्हटलं.
"हात जमत नाहीत मला.
पाच बोटं म्हणजे पाच भाऊ,
एकाचं एकाशी पटत नाही.
उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

हिवाळ्यात ते खिसे बर्फानं गच्च भरायचे.
जूनमध्ये ट्रेगेअरच्या उजव्या खिशात
एका पाखरानं चार अंडी घातली,
तेव्हा तौनोनं आठवडाभर
त्या बाजूचं काम बंद ठेवलं.

मूर्ती करणं पाप, असं सांगायला पाद्री आला होता.
ओलावीपाशी थबकला. त्याचा तो मामा.
मग टोपी काढून उभाच राहिला,
आणि पापाचं तेवढं राहून गेलं.

तालुक्याची नोटीस मात्र मीच दिली.
विनापरवाना बांधकाम, तीस दिवसांची मुदत.
रजिस्टर पत्र, त्यामुळे सही घ्यावी लागली.
मान वर करवेना मला.
त्यानं चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली,
नीट घडी घातली,
आणि समोर ओला होता त्या माणसाच्या खिशात
बोटानं आत आत सारली.
अजून तिथेच आहे.
तालुक्यानं पुन्हा विचारलं नाही.

गेला तो फेब्रुवारीत.
जमीन गोठलेली, खड्डा घेता येईना,
म्हणून मे महिन्यापर्यंत थांबला,
खाणीतल्या माणसाला जमिनीनंच थांबवलं.

एप्रिलमध्ये लेम्पीनं मला मागची शेड उघडून दाखवली.
फळ्याच फळ्या, आणि फळ्यांवर हात.
बटाट्यासारखे, काट्याचमच्यासारखे,
सहा बोटांचे, एक तर आंगठ्याशिवायचाच.
प्रत्येकाच्या मनगटावर
पेन्सिलीनं तारीख. सगळ्यात जुनी,
मी नोकरीला लागण्याच्याही आधीची.

खालच्या फळीवर, पोत्याखाली, एक डावा.
करंगळी जराशी बाहेर वळलेली,
नखांच्या कडेला
मळलेल्या पिठासारखं काही.

लेम्पीनं अ‍ॅप्रनच्या खिशातून आपला हात काढला
आणि त्याच्याशेजारी ठेवला.

बराच वेळ.

"जमला होता की," ती म्हणाली.
"बोलला नाही मेला."

मग तिनं दार ओढून घेतलं, कडी लावली,
आणि विचारलं, आज काही टपाल आहे का.

बियाण्यांची जाहिरात होती.