चोवीस पौंड सत्त्याण्णव

रॉचडेलच्या सुपरमार्केटात दूध-अंडी आणायला गेलो होतो,
श्रीरंगने ट्रॉलीत एक खोका ठेवला
बटाट्यांच्या पिशवीवर.
चोवीस पौंड सत्त्याण्णव पेन्स.
"एवढ्यात इथे न्हावी तीनदा केस कापतो,"
तो म्हणाला, आणि मी गप्प बसले,
कारण त्याचे केस मीच कापत होते.

घरी कळलं, डीव्हीडी प्लेअर हलका आहे,
इतका, की मागची वायर ताणली
तर तोच शेल्फवरून निघायचा आमच्याकडे.
पुस्तिकेतलं इंग्रजी आमच्याहून कच्चं.
मराठीत आणलं तर साधारण असं:
तबकडीस तिच्या मनाने आत जाऊ द्यावे.
ओल्या हाताने रागावू नये.

सांगलीहून आणलेल्या बाराच्या बारा तबकड्या
त्याने एकेक करून परत दिल्या.
चुकीचा प्रदेश.
निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.
होम ऑफिसच्या पत्रांतसुद्धा
इतकं स्वच्छ कुणी लिहिलं नव्हतं.

शेजारचा डेरेक ऑग्डन, सूतगिरणीतला जुना फिटर,
कुंपणावरून म्हणाला, त्याला एक आकडा लागतो.
ट्रे उघडा ठेवायचा. आठ, चार, दोन, एक,
आणि शेवटी शून्य.
शून्य म्हणजे कुठलाच प्रदेश नाही
किंवा सगळेच, त्यालाही नक्की माहीत नव्हतं.
त्या रात्री आम्ही एक नाटक बघितलं.
पहिल्या रांगेत कुणीतरी सारखं खोकत होतं.
श्रीरंग म्हणाला, हा आमचा बापूमामाच.
तीनदा मागे नेऊन ऐकला त्याने तो खोकला.

दुसऱ्या हिवाळ्यात ट्रे अडकायला लागला.
डाव्या अंगाला, कडेपासून चार बोटं आत,
एक थाप. फार जोरात नाही.
पाहुण्यांना मी ती जागा सांगून ठेवायचे,
बाथरूमच्या दिव्याची दोरी कुठे आहे ते सांगतात तशी.
तबकडी पोटात असताना हा म्हणायचा, तबकडी नाही.
मग जरा घरघरायचा, आणि निघायची.
पण ओरखडे, बोटांचे ठसे,
निषादने चहात बुडवलेलं कार्टून,
सगळं पचवायचा.

डेरेकच्या मुलाने त्याला तीनशे पौंडांचा घेऊन दिलेला,
रुपेरी, वजनदार, कपाटाएवढा रुबाब.
त्याला घरी भाजलेली तबकडी चालायची नाही.
डेरेक ती घेऊन आमच्याकडे आला
पावाच्या रिकाम्या पिशवीतून.
वर मार्करने लिहिलं होतं: मॉम, मोरकम.

आमच्याने आधी नाही म्हटलं.
मग घरघरला.
मग ओहोटीचा किनारा, राखी रंगाचा,
आणि मॉरीन, हातात आइस्क्रीम,
कॅमेऱ्याला काहीतरी सांगते आहे
आणि वारा तिचं सगळं घेऊन जातो आहे.
सातव्या मिनिटाला चित्र थिजलं.
तिच्या गालाचे चौकोन झाले.
मी थाप मारायला हात उचलला.
"राहू दे जरा," डेरेक म्हणाला.
चहा निवला. मी उठून दुसरा ठेवला.

टीव्ही त्यानंतर तीन झाले.
आता सिनेमे हवेतूनच येतात, मोजायचं कुणी.
निषाद विचारतो, हे धूड कशाला ठेवलंय,
मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या तोंडांसाठी
श्रीरंगला कुठून कुठून जोडण्या मागवाव्या लागतात.
मी म्हणते, रविवारी चार वाजता लागतो.

डेरेकला आता आमची पायरी चढायला वेळ लागतो.
थाप मात्र तोच मारतो,
माझ्याहून हलकी,
आयुष्यभर चात्या ऐकलेल्या हाताची.

तबकडी नाही, पडदा म्हणतो.
आम्ही तिघंही काही बोलत नाही.
त्याला सवय आहे तसं म्हणायची.