पोटातलं वजन

लिअरहून बाई आल्या. ओला कोट दारातच झटकला,
हातमोज्यातून अंगठी काढून टेबलावर ठेवली.
सासूबाईंची. आता नातीला हवीय,
पण म्हणते, जरा चमकायला हवी.

मी खडा कोंदणातून सोडवला,
मापकाच्या जबड्यात अलगद धरला.
लांबी आठ पूर्णांक चार, रुंदी साडेसात.
भागाकार: एक पूर्णांक बारा.
छान. धड चौरस नाही, लांबुडकाही नाही,
नुकतीच थापटून ठेवलेली उशी जशी,
कडा फुगीर, कोपरे दबलेले.
वरचं टेबल रुंदीच्या सत्तावन्न टक्के.
तेही चालेल.

मग आडवा धरून खोली घेतली.
काटा साडेपाचच्याही पुढे.
परत घेतली. जबडा पुसून पुन्हा.
शेकडा चौऱ्याहत्तर.
मी सहासष्टच्या पुढे कधी जाऊ दिला नाही.

बाईंना म्हटलं, हिरा फार खोल आहे.
उजेड आत जातो तो खालूनच निसटतो,
तुमच्याकडे परत येत नाही.
तराजूत दोन पंच्याऐंशी भरेल,
तोंड मात्र अडीच कॅरटचं.
"मग बाकीचं कुठे गेलं?"
पोटात, म्हटलं.

आणि सवयीने भिंग लावलं.
तीन कोपरे एकसारखे.
चौथा किंचित जास्त गोल.

हा कोपरा मला माहीत आहे.
नायलेनला, परसातल्या शेडमध्ये,
बिडाची चकती, तेलात कालवलेली हिऱ्याची पूड,
आणि बाबा.
चौथ्या कोपऱ्यापर्यंत त्यांचा डावा खांदा भरून यायचा,
मग हात आपोआप जरा जास्त वळायचा.
ॲन्टवर्पचा व्यापारी वजनावर पैसे मोजायचा,
उजेडावर नाही.
आम्ही सहा भावंडं. मी पाचवी.
बूट माझ्यापर्यंत येईतो
त्यांना तळ उरलेला नसायचा.

तर हे असं.
गर्डलखाली, जिथे कोणी बघत नाही,
तिथे त्यांनी थोडं थोडं राखलं.
एका हिवाळ्याचा कोळसा असेल,
किंवा योरिसच्या शाळेची फी. कोण सांगणार.

"घासाल ना?" बाईंनी विचारलं.
घासता येईल. तोंड तेवढंच राहील,
खालचे आठ टक्के जातील. त्यांची पूड होईल,
त्याच पुडीने पुढचा कुणाचा हिरा घासेन.
जाईल ते तुम्हाला दिसत नव्हतंच.

एवढं पोटात घालाल का,
हे ओठांवर आलं होतं.
शिसपेन्सिलीने मापं लिहून दिली,
लांबी, रुंदी, टेबल, खोली.
कोपऱ्यांसाठी त्या कागदावर रकाना नसतो.
बुधवारी या, म्हटलं.

त्या गेल्यावर चकती सुरू केली.
तेलाचा तोच वास.
खडा चिमट्यात बसवला, वर उचलून धरला.
अजून टेकवलेला नाही.