जुनी मीटरपेटी

किन्नाके मास्तरनं पयल्या गुरुवारी
मूठभर लिमलेटच्या गोळ्या देल्ल्या मले,
शाळेच्या खोलीत, पाढ्यांच्या तक्त्याखाली.
म्हने, तलफ आली का एक टाक तोंडात,
दुसरी हातात धरून ठेव.
मी धरली.

अकरा महिने धरली.
खांबावर चढलो त गालात गोळी,
डीपीचा फ्यूज बांधतानी गोळी,
भट्टीकडं रस्ता फुटते थ्या नाल्यापाशी दोन.
चहात पाच चमचे.
सुधाकर कॅन्टीनवाला म्हने,
"मोहोड, चहा पेतं का पाक?"
मी हासलो. पाक त पाक.
रात्री हात चिकट राहे,
पन थरथरत नोहता.

मंग एक दिवस रंजना कोठ्यात गेली
म्हशीसाठी सरकी काढाले,
आनि भितीवरच्या जुन्या मीटरपेटीचं झाकन
तिच्या कोपराच्या धक्क्यानं उघडलं.
मीटर त कंपनीनं कवाच नेलं होतं.
थ्या पेटीत पयले माहा पव्वा राहे.
आता त्यातून पडले
पेढ्यांचा दबलेला खोका, चिक्कीचा चुरा,
अन् गोळ्यांचे कागद,
चुरगळून चुरगळून वाटान्याएवढे केलेले.

थे काई बोलली नाई.
कागद येचले, पदरात घेतले, चुलीत टाकले.
मी कोठ्याच्या दारात उभा.
मले तिची चुप वळखू आली.
थेच होती. जुनीच.

साखर का पाप हाये?
पोळ्याले पुरन होते, बारशाले वाटतेत,
देवापुढं ठेवतेत वाटीत.
पन मी लपवली ना.
बायकोपासून लपवली,
आनि नेमकी त्याच जागी.

सोडली.
गूळ बी, साखर बी, बिस्किटं बी.
मास्तर म्हने, दोन्ही संग नको सोडू बे,
घसरशीन.
मी म्हनलं, मास्तर, घसरलोच होतो,
फक्त गोड बाजूनं.

तिसऱ्या दिवशी डोकं असं घुमलं
जसा रबीत लोड आल्यावर ट्रान्सफार्मर घुमते.
सातव्या दिवशी किराना दुकानात
गुळाच्या भेलीवर माश्या बसल्या होत्या,
मले माश्यांचा हेवा वाटला. खरं सांगतो.
सुधाकरनं बिनसाखरेचा चहा असा देल्ला
जसं कोनाच्या मयतीचं पानी.
अन् साळ्याच्या लग्नात, पंगतीत,
बुंदीवाला पोरगा झारा घेऊन वाकला,
"घ्या ना भाऊजी, दारू थोडीच हाये!"
सारी पंगत हासली.
मी पत्रावळीवर आडवा हात ठेवला.
हात आपोआपच गेला.
गिलासावर ठेवून ठेवून शिकला होता थो.

दीड महिन्यानं वरूडकडं लाइन पडली.
काम झाल्यावर बगीच्यावाल्यानं
माह्या थैलीत, पकडीजवळ, दोन संत्रे कोंबले.

संत्रा.
दहा वर्सं हा शब्द मी
एकाच दुकानात बोललो असन,
आनि दुकानदार फळाकडं नाई,
काउंटरखाली हात घाले.
फळ त मी इसरलोच होतो.

बांधावर बसून एक सोलला.
रस कोपरापर्यंत आला.
इतका गोड, का दोन फोडी खाल्ल्या
अन् भेवून थांबलो.
आजूबाजूले पाह्यलं, कोनी पाह्यते का.
मंग बाकीच्या खाल्ल्या, हळूहळू,
सारे पाहू शकतीन अशा जागी.

रात्री रंजनानं दार उघडलं.
सवयीनं तिनं वास घेतला.
थांबली.
हात कडीवरच राह्यला तिचा.
मी खिशातून सालटं काढले,
दिव्याखाली धरले,
अन् दुसरा संत्रा तिच्या हातात देल्ला.

तिनं उंबऱ्यावरच सोलला.
एक फोड तोंडात टाकली, डोये मिटले, तोंड वाकडं केलं.
"आंबट हाये," म्हने,
आनि मले आत घेऊन
दार लावलं.