नोंदवही, पान चव्वेचाळीस

पिलबारा. सकाळचे पावणेसहा.
जीपच्या बॉनेटवर वही, वहीवर दगड,
कारण वारा पूर्वेचा आणि पानं त्याला सामील.

मी वाचतो, रोज वाचतो तेच:
पाणी माणशी दहा लिटर.
रेडिओ चॅनेल चौदा.
एकट्यानं घळीत उतरायचं नाही.
साप दिसला तर त्याची वाट त्याला द्यायची.
दवाखाना दोनशे चौदा किलोमीटर,
विमानाची धावपट्टी एकोणीस,
ओढ्याला पाणी आलं तर दोन्ही आकडे खोटे.
ग्रेटा मान हलवते. नवा ड्रिलर डॅरिल जांभई देतो.
जांभईला रकाना नाही.

मग भाग दुसरा, वारसा. छापील दोन ओळी.
त्या दोन ओळींत मावशी
कधी मावायचीच नाही.

घडीची हिरवी खुर्ची, हातात चहा,
उठायची तसदी न घेता सांगायची,
"गुलाबी फित बांधलीय ना, तिच्या पलीकडे जायचं नाही."
का, म्हणून डॅरिलनं विचारलं पहिल्या दिवशी.
"तुझ्या आईच्या कपाटात मी हात घालते का?"
मी लिहिलं: सीमा समजावली.

मग ओढ्याकडे तोंड करून
ती तिच्या भाषेत बोलायची.
आमची नावं घ्यायची एकेक,
कोण कुठला, कुणाचा कोण,
आणि हा उंच पोरगा अडाणी आहे, पण वाईट नाही.
(हे तिची नात टायेशा नंतर हसत सांगायची.
उंच पोरगा मीच.)
हे कसं लिहू, मी एकदा विचारलं.
"लिहू नको. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं."
मी लिहिलं: परिचय. सात मिनिटं.

सही मात्र ती निगुतीनं करायची,
शेवटच्या अक्षराचं शेपूट
चौकटीबाहेर, पार तारखेपर्यंत.

त्रेचाळीस दिवस.
चव्वेचाळीसाव्या दिवशी टायेशा आली,
हिरवी खुर्ची आली.
"घरी दुखवटा आहे," म्हणाली. थोड्या वेळानं,
"आता नाव घ्यायचं नाही. लिहिलेलंही दिसायला नको.
किती दिवस, ते थोरले ठरवतील."

कंपनीचा नियम आहे, गिरगटायचं नाही,
एका रेघेत खोडा, बाजूला आद्याक्षरं.
पण नाव खोडायला ते आधी वाचावं लागतं.
मी प्रथमोपचाराची पेटी उघडली,
मलमपट्टीवरची तपकिरी चिकटपट्टी
बोटभर, बोटभर कापली
आणि त्रेचाळीस सह्यांवर लावत गेलो,
एखाद्याच्या हातावर लावावी तशी,
केस ओढले जाणार नाहीत अशी.
ग्रेटानं वारा अडवून धरला पाठीनं.
डॅरिल कात्री पुसून पुढे करत होता, काही न बोलता.

पेटीच्या यादीत: चिकटपट्टी, एक रीळ, संपली.
दुखापत कोणाला?
तो रकाना मी तसाच ठेवला.

बऱ्याच पानांवर पट्टी अपुरी पडली,
शेपूट बाहेर राहिलं.
दुसरं रीळ आणू का?
टायेशानं पानं उलटून पाहिली.
"राहू दे तेवढं."

मग ती ओढ्याकडे वळली.
अडखळली, घसा साफ केला, पुन्हा सुरुवात केली.
माझं नाव दोनदा घेतलं,
चुकून असेल.

उपस्थित चार. खुर्च्या पाच.
वारा पूर्वेचा. ओढा कोरडा.
काम त्या दिवशी झालं नाही. कारण विचारलं आहे,
ओळ एकच आहे.