सिरियाकोची पट्टी

आधी काळी वायर सोडायची, एवारिस्तो, मग लाल.
उलट केलं आणि पाना पत्र्याला टेकला
तर माझ्या अंगठ्यावर आहे तसला डाग मिळतो, फुकटात.
येर्बाचा पेला तुमच्याकडेच राहू द्या,
माझे हात ग्रीसने भरलेत.

जुलै आहे. ताकुआरेंबोत सकाळचं गवत पांढरं असतं,
आणि तुमची अडुसष्टची प्यूजो
या महिन्यात तिसऱ्यांदा ढकलत आणलीत.
बॅटरीला बोल लावू नका.
रेडिओ रात्रभर पीत बसतो तिला,
तुम्ही चावी खुंटीला टांगून झोपी गेलात तरी.

डॅशबोर्डखाली आडवी झाले, टॉर्च दातात धरून.
सापडलं.
बॅटरीकडून येणारी जाड वायर मधेच सोललेली,
तिला पिळून बांधलेली रेडिओची वायर,
आणि वर टेप म्हणून
दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी.
कडांना तपकिरी, एका जागी पोळलेली.
फ्यूजच्या घरात सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
कुठल्या गाढवाने केलं हे, विचारणारच होते.
मग आठवलं, तुमचा भाऊ अँब्युलन्स चालवायचा.

सिरियाकोचं काम आहे, म्हणालात, राहू दे.
राहू दिलं तर गाडी राहणार नाही, मी म्हणाले.
शेजारच्या वखारीत कोणीतरी करवत सुरू केली,
थांबवली.
काप, म्हणालात.

चावीचा स्विच म्हातारा आहे.
धुक्याचे दोन दिवे, पंखा, रेडिओ
सगळं त्याच्या डोक्यावर द्यायचं नाही.
त्याने फक्त हो म्हणायचं.
ओझं हा उचलेल, हा काळा ठोकळा, काडेपेटीपेक्षा लहान.
चावीकडून त्याच्याकडे बारीक वायर जाते, निरोपापुरती;
वीज येते ती जाड वायरीने, थेट बॅटरीतून,
आणि तिच्यावर फ्यूज, बॅटरीपासून वीतभरात.
का म्हणून काय?
फ्यूजच्या अलीकडे वायरीला कोणी वाली नसतो.
दिव्यांना नऊ अँपिअर, म्हणून फ्यूज पंधराचा.
तीसचा घातला की उडत नाही, बरोबर आहे तुमचं.
फ्यूज उडत नाही, वायर पेटते.
अंथरूण पाहून पाय, हे तांब्यालाही लागू.

पत्र्याच्या भोकात रबरी बुश बसवलंय.
नाहीतर पत्रा थरथरत वायर कापत राहतो,
वर्षभर काही होत नाही,
मग एका रात्री, नदीवरच्या पुलाच्या जरा अलीकडे, होतं.

फिरवा चावी.
टिक्.
रेडिओवर कोणी मेंढ्यांचे भाव सांगतंय.
काढा.
टिक्, आणि माणूस वाक्याच्या मधेच गप्प.
तुम्ही पुन्हा घातलीत, पुन्हा काढलीत.
असं चार वेळा.
मी मोजलं, बिलात धरलं नाही.

घड्याळ मात्र चावीला बांधलेलं नाही.
ते थेट आहे, त्याचा फ्यूज वेगळा,
रात्रभरात चिमूटभर घेतं, बॅटरीला कळतही नाही.
काळी वायर सोडली तेव्हा ते थांबलं होतं.
तुम्ही काटे फिरवलेत, माझ्या भिंतीकडे बघून,
आणि पाच मिनिटं पुढे ठेवलेत.
चुकलं, मी म्हणाले.
नाही, म्हणालात,
पेशंटकडे निघायचं तर एवढं लागतं.

कापलेली पट्टी मी बाकावर ठेवली होती,
वायरीच्या तुकड्यासकट.
आता झाडू मारताना बघते, तर नाही.

रिलेचे पैसे मंगळवारी आणा.
घाई नाही.