रुमालाखाली

राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर
कृष्णात वरुट्यांच्या डोक्याला मी पेस्ट लावतो.
(लावतो. कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात,
पुण्याहून आलेल्या सरांना वर्ष लागलं कान बसायला.)
बत्तीस तारा, थंडगार लगदा,
आणि केसांच्या मुळाशी
अजून मार्केट यार्डातल्या गुळाचा वास.

एकोणतीस वर्षं सौदे पुकारतात ते.
यंदा पाडव्याच्या मुहूर्ताला एका थप्पीचा भाव
ओठांवर येता येता निसटला,
म्हणून आलेत.
घरी सांगितलंय, दात दाखवायला चाललोय.

पडद्यावर सात आकडे.
मग पडदा कोरा.
तीन सेकंद.
मग एकच आकडा, एकटा: हा होता का मघाशी?
होता तर डावं बटण, नव्हता तर उजवं.

त्या बटणाशी मला फारसं देणंघेणं नाही.
मी बघतो मधले तीन सेकंद,
ज्यात काही घडत नाही असं वाटतं.
तेव्हा कपाळामागं एक संथ लाट उठते, थीटा,
सेकंदाला सहा हेलकावे,
आणि तिच्या पाठीवर बारीक, घाईच्या लाटा,
एकेका आकड्याला एकेक.
हेलकावा उतरायच्या आत सगळ्यांची हजेरी,
की परत पहिल्यापासून.
डोक्याच्या मागच्या अंगाला अल्फा फुगते:
दार लोटून घेतल्यागत, बाहेरचं आत्ता नको.
आठवण तेवढा वेळ कुठं ठेवलेली नसते.
धरलेली असते.

हे मी जमेल तसं सांगितलं, तर म्हणाले,
'म्हंजे रुमालाखालचं हाय की हे!'
त्यांच्या बापाच्या वेळची गोष्ट.
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात, वर एक रुमाल,
बोटं दाबून भाव ठरायचा.
भवतीनं उभारलेल्यांना
नुसतं कापड हललेलं दिसायचं.
'तुमच्या मिशिनला कापाड दिसतंय, मॅडम. बोटं न्हाईत.'

सरांच्या व्याख्यानात हे वाक्य नाही.
मी ते तपासणी चालू असतानाच वहीत लिहिलं,
नियम मोडून.

आठव्या आकड्याला ते पडले. बरेच जण पडतात.
मग चिडले,
'असलं सुटं आकडं कोण ध्येनात ठेवतंय? भाव सांगा.'
मी सांगितले.
एकेचाळीसशे पंचवीस. अडतीसशे नव्वद.
त्रेचाळीसशे दहा. सदतीसशे पासष्ट.
कोरा पडदा. सोळा आकडे.
लाट तीच, तेवढीच उंच,
फक्त तिच्यावर आता आकडे नव्हते,
चार रवे होते, जड, पिवळे,
एकेकाला आपला धनी असलेले.
चारी बरोबर.

पुढच्या फेरीत उद्यमनगरचा भोंगा झाला.
रेघ मोडली. मला आधी दिसलं,
त्यांना मागनं कळलं.
'गेलं,' म्हणाले,
आणि मूठ उघडून आत बघितलं, खरंच बघितलं.

पाडव्याला काय झालं असेल?
कुणी हाक मारली असेल, कुणाचा फोन वाजला असेल,
किंवा काहीच नसेल.
मोडलेल्या रेघेखाली कारण लिहून येत नाही.
'आजार हाय का?'
ते डॉक्टर सांगतील, म्हटलं. मी नुसत्या तारा लावतो.
'पर तुमाला काय वाटतंय?'
मला वाटतं, धरलेलं सुटतं कधीकधी.

तारा काढल्या. नळाखाली डोकं धरून,
कानात पाणी, डोळे मिटलेले, ते ओरडले,
'शेवटचा भाव सदतीसशे पासष्ट, न्हवं?'
मशिन बंद होतं. पडदा काळा.
आता कापडसुद्धा दिसत नव्हतं.

संध्याकाळी दसरा चौकात, थांब्यावर,
तेच चार भाव मी पुटपुटत उभी.
एका पोरानं विचारलं, 'किती वाजलं वं?'
सव्वासात, म्हटलं.

त्रेचाळीसशे दहा.
अडतीसशे.

सव्वासात.